घोडा सुटा आहे, मोकाट नाही

काश्मीरमधल्या विशनसर तळ्याच्या काठावर पहाटे साडेपाचला तंबूबाहेर आलो, तेव्हा तळ्यापलीकडच्या उतारावर अकरा घोडे चरत होते. ना खोगीर, ना लगाम, ना जवळपास माणूस. पुण्याहून निघताना डोक्यात जे चित्र होतं तेच समोर उभं. मग व्हायचं ते झालं. एका अबलख घोडीच्या मागे लागलो. ती पुढे, मी मागे. तासाभरात तिला आणि तिच्याबरोबर आणखी तिघांना ओढ्यापलीकडे, चढावर, नजरेआड घालवून बसलो. साडेसातला घोडेवाला सामान लादायला आला, तर चार घोडे गायब. तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "साहब, दिनभर का थका जानवर रात को और सुबह ही चरता है. खाएगा नहीं तो गडसर की चढाई कैसे चढेगा?" घोडे परत आणायला त्याला दोन तास लागले. आमचा सगळा तांडा उशिरा निघाला आणि दुपारच्या पावसात खिंडीत सापडला. चारशे फोटो निघाले होते. त्यातल्या साडेतीनशेंत घोडीचा पार्श्वभाग.

काश्मीर ग्रेट लेक्सची वाट सोनमर्गजवळच्या शितकडीहून निघून नारानागला उतरते. साधारण ७० किलोमीटर, सात-आठ दिवस. या वाटेवर दिसणारे घोडे रानटी नसतात. मोकाट जनावराला विचारणारं कुणी नसतं. सुट्याला असतं, आणि इथला घोडा सुटा असतो. तो ट्रेकचं सामान वाहणाऱ्या घोडेवाल्याचा असतो, नाहीतर बकरवाल मेंढपाळांचा. पोट भरण्यासाठी त्याला काही तास सोडलेलं असतं. खालची यादी त्या सकाळनंतर तयार झाली.

निघण्याआधी

करावे: काय टिपायचं ते आधी ठरवा, मग तारीख. ही वाट जुलैच्या सुरुवातीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालते. जुलैत खिंडींवर बर्फाचे पट्टे आणि कुरणांवर फुलं असतात. ऑगस्टअखेर गवत पिवळं-तांबूस व्हायला लागतं, आणि उन्हाळाभर चरलेले घोडे अंगाने भरलेले दिसतात. घोड्यांसाठीच जायचं असेल तर माझं मत सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्याला.

करावे: वाट खुली आहे का, याची चौकशी निघायच्या आठवड्यात पुन्हा करा. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळच्या बैसरन कुरणात हल्ला झाला. त्यानंतर काश्मीरमधली बरीच पर्यटनस्थळं बंद झाली आणि पुढे टप्प्याटप्प्याने उघडली. त्या दिवशी मारल्या गेलेल्या २६ जणांत महाराष्ट्रातली सहा माणसं होती, आणि तिथला एक घोडेवालाही होता. 'गेल्या वर्षी मित्र जाऊन आला' हा पुरावा धरू नका. मूळ ओळखपत्र जवळ ठेवा. वाटेतल्या लष्करी चौक्यांवर ते तपासतात.

करावे: पोस्टपेड सिम घ्या. बाहेरच्या राज्यांतलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. सोनमर्ग सोडल्यावर पोस्टपेडचाही भरवसा नाही, तेव्हा नकाशे आणि कॅमेऱ्याची माहितीपुस्तिका मोबाइलवर आधीच उतरवून ठेवा.

टाळावे: दोन बॉडी, पाच लेन्स, मोठा ट्रायपॉड. ते ओझं शेवटी घोड्याच्याच पाठीवर जातं, आणि मग त्याच घोड्याचा 'मुक्त' फोटो काढायला आपण धावतो. एक ७०-३०० किंवा १००-४०० आणि एक वाइड अँगल, एवढ्यात सगळं होतं. ताऱ्यांचे फोटो काढायचे नसतील तर ट्रायपॉड घरीच बरा.

करावे: चार बॅटऱ्या. वाटेत वीज नाही, आणि थंडीत लिथियम बॅटरी बघता बघता बसते. रात्री बॅटऱ्या स्लीपिंग बॅगेत, पायापाशी ठेवा. मोजे आणि बॅटऱ्या एकाच पिशवीत ठेवू नका, मोजे ओले असतात.

टाळावे: बाहेर गारठलेला कॅमेरा उघडाच तंबूत आणणं. आतल्या उबेने आणि श्वासाच्या वाफेने काचेवर दव धरतं. बाहेरच प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा, मग आत आणा.

आधी घोडा बघा, मग कॅमेरा काढा

करावे: पहिली पंधरा मिनिटं कॅमेरा पिशवीतच राहू द्या. एखाद्या दगडावर बसा, चहा प्या. कोणता घोडा पुढे चालतो, कोण कुणाला जवळ येऊ देत नाही, कोणती जोडी एकमेकांच्या मानेखाली दातांनी खाजवते, हे तेवढ्या वेळात कळतं. खाजवणारी जोडी सापडली की जागा सोडू नका. घोडे ठरावीक सोबत्यालाच तसं करू देतात, तीच जोडी पुन्हा तेच करते, आणि दोन माना एकमेकींवर आलेल्या असतानाचा फोटो धावत्या घोड्याच्या दहा फोटोंपेक्षा सरस असतो.

करावे: कान वाचा. पुढे टवकारलेले म्हणजे त्याने काहीतरी हेरलं आहे. बहुतेक वेळा तुम्हालाच. एक पुढे, एक मागे असला तर तो दोन्हीकडे लक्ष ठेवून आहे. सैल, बाजूला पडलेले म्हणजे डुलकी. मानेला चिकटवून मागे पाडलेले असतील तर राग, आणि तिथून निघायचं. फोटोतही कानच बोलतात. डोळा अचूक फोकसमध्ये आहे पण कान पाडलेले आहेत, असा घोडा नेहमी चिडकाच दिसतो, पाठीमागे हरमुखचं शिखर कितीही सुंदर असो.

करावे: त्याला काय दिसतं ते समजून उभे राहा. घोड्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. फक्त थेट शेपटीमागचं आणि कपाळासमोर, नाकाखालचं थोडं दिसत नाही. म्हणून तिरकस, खांद्याच्या रोखाने, वळणं घेत जा. दोन पावलं, मग थांबणं. त्याने मान वर केली की तुम्ही खाली बघा. त्याने पुन्हा गवतात तोंड घातलं की पुढची दोन पावलं. सरळ रेषेत, डोळ्याला कॅमेरा लावून येणारा माणूस त्याला शिकाऱ्यासारखा वाटतो, आणि तसं वाटण्यात त्याची चूक नाही.

टाळावे: मागून जाणं. घोड्याच्या मागून आणि साहेबाच्या पुढून जाऊ नये, ही म्हण शिकवायची वेळ माझ्यावर दोनदा आली. दोन्ही वेळा समोरचा सेल्फी घेत होता.

टाळावे: चरण्यात व्यत्यय. गाय भरभर खाते आणि सावलीत बसून रवंथ करते. घोड्याला ती सोय नाही. त्याचं पोट एककप्पी, त्यामुळे त्याला थोडंथोडं, सतत खावं लागतं. मोकळा असेल तर दिवसाचे बारा-चौदा तास तो चरतो. कामाच्या घोड्याचा दिवस ओझ्यात जातो. उरते ती संध्याकाळ, रात्र आणि पहाट. म्हणजे आपली सोनेरी उजेडाची वेळ हीच त्याच्या जेवणाची वेळ. जागा न बदलता जे मिळेल ते घ्या. तुमच्यामुळे घोडा दुसऱ्यांदा सरकला, तर त्या घोड्याचा नाद सोडा आणि दुसरीकडे वळा.

टाळावे: काहीही खाऊ घालणं. आमच्यातल्या एकाने ग्लुकोज बिस्किटांचा अख्खा पुडा तळहातावर धरला होता, आणि त्याचा हेतू चांगलाच होता. घोड्याला उलटी होत नाही. त्याच्या शरीराची रचनाच तशी आहे. पोटात भलतंसलतं गेलं तर ते पुढेच जातं, आणि पोटशूळाने धडधाकट जनावर दगावू शकतं. इथे गुरांचा डॉक्टर दोन दिवसांच्या चालीवर. मीठही देऊ नका. मेंढपाळ सपाट दगडांवर जनावरांसाठी मीठ ठेवतात, ते त्यांच्या हिशोबाने.

करावे: पायबंद बघा. 'पायबंद घालणे' आपण रोज बोलतो, पण खरा पायबंद मी पहिल्यांदा इथे पाहिला. पुढच्या दोन पायांना आखूड दोरी बांधतात, म्हणजे घोडा चरू शकतो पण लांब जाऊ शकत नाही. चालताना तो पुढचे दोन्ही पाय एकदम उचलून उड्या मारत सरकतो. अशा घोड्याला पळवू नका, तोंडावर आपटेल. आणि फोटोतून ती दोरी पुसू नका. घरी बसून सॉफ्टवेअरने दोरी काढणारे आणि खाली 'स्वातंत्र्य' असं लिहिणारे मला माहीत आहेत.

करावे: पाठीवरचे पांढरे ठिपके टिपा. तपकिरी किंवा काळ्या घोड्याच्या पाठीवर, खोगीर बसतं तिथे पांढऱ्या केसांचे चट्टे दिसतात. खोगिराने घासून झालेल्या जखमा भरल्या की तिथे बरेचदा पांढरे केस येतात. जवळून घेतलेल्या अशा एका फोटोत घोड्याची सगळी नोकरी दिसते. जखम ओली असेल तर फोटो राहू द्या, आधी घोडेवाल्याला सांगा.

करावे: वारा बघा. पावसात आणि बोचऱ्या वाऱ्यात घोडे वाऱ्याकडे पाठ करून, मान खाली घालून उभे राहतात. वारा येतो त्या बाजूला उभे राहिलात तर सगळा कळप पाठमोरा मिळेल. वळसा घालून पलीकडे जा. चेहरे मिळतील, आयाळ पुढे उडताना मिळेल. पाऊस मात्र तुमच्या तोंडावर. लेन्सला हूड लावा आणि रुमाल कोरडा ठेवा.

टाळावे: शिंगरू आणि आई यांच्यामध्ये येणं. हे फार सांगायला नको.

टाळावे: आडव्या पडलेल्या घोड्याला 'उठतोय का' म्हणून टाळी वाजवणं. घोडा उभ्याउभ्या डुलक्या घेतो हे खरं, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावंच लागतं, आणि तीही जेमतेम तासभर मिळते. सोबतचा एखादा उभा राहून पहारा देतो. झोपलेला आणि जागणारा, दोघे एका चौकटीत बसवा.

उजेड आणि कॅमेरा

करावे: आदल्या संध्याकाळी दऱ्या पाहून ठेवा. जुलैत सूर्य साडेपाच-पावणेसहाला उगवतो, पण दरीच्या तळाशी ऊन यायला त्यानंतर बराच वेळ जातो. आधी पश्चिमेकडच्या कड्यांचे माथे उजळतात, मग उजेड उतारावरून खाली सरकत येतो. घोडे सावलीत आणि मागचा कडा केशरी, असं चित्र थोडाच वेळ टिकतं. ऊन घोड्यांवर आलं की त्यांच्या मागे सूर्य ठेवून बसा. आयाळीच्या कडा पेटतात, नाकपुड्यांतली वाफ दिसते.

करावे: खाली बसा. घोड्याच्या डोळ्याच्या उंचीवरून किंवा त्याहून खालून. उभ्याने काढलेल्या फोटोत घोडा गवतात बुडतो. शिवाय बसलेला माणूस घोड्याला कमी धोक्याचा वाटतो.

टाळावे: क्षितिजाची रेघ घोड्याच्या मानेतून जाऊ देणं. दोन पावलं खाली सरकलात की मान आकाशात मोकळी होते. चारही पाय वेगवेगळे दिसतील अशा क्षणाची वाट बघा. एकात एक गेलेले पाय असले की घोडा तिपाईसारखा दिसतो.

टाळावे: वाइड अँगलने जवळून चेहरा. नाक पपईएवढं आणि कान शेंगदाण्याएवढे येतात. गंमत म्हणून एक चालेल, अल्बमभर नको.

करावे: कॅमेऱ्याच्या मापनावर विसंबू नका. त्याला सगळं जग मध्यम करडं हवं असतं. बर्फाच्या पट्ट्यावर उभा पांढरा घोडा तो मळकट करतो. अशा वेळी एक स्टॉप वाढवा. काळाभोर घोडा तो राखाडी करतो. तिथे पाऊण स्टॉप कमी करा. अबलख दिसला तर पांढऱ्या डागांवरचा तपशील सांभाळा, काळं नंतर उजळता येतं. अर्थात फाइल रॉ असेल तर.

करावे: शटर चालीवरून ठरवा. चरणाऱ्या घोड्याला १/२५०, दुडक्या चालीला १/८००, चौखूर उधळलेल्याला १/१६०० किंवा जास्त. चौखूर या शब्दावरून आठवलं. धावत्या घोड्याचे चारही खूर एकाच वेळी जमिनीवरून उचललेले असतात का, हा वाद १८७८ पर्यंत चालू होता. कॅलिफोर्नियाचे माजी गव्हर्नर लीलंड स्टॅनफर्ड यांच्यासाठी एडवर्ड मायब्रिजने पालो आल्टो इथे धावपट्टीला लागून बारा कॅमेरे मांडले. घोडी जाताना आडव्या बांधलेल्या तारा तोडत गेली आणि कॅमेरे एकेक करून उघडले. खूर उचललेले असतात हे सिद्ध झालं. पण चित्रकार शतकानुशतकं रंगवत आले तसे पुढे-मागे फाकलेले असताना नव्हे, तर चारही पाय पोटाखाली गोळा झालेले असताना. त्या क्षणासाठी बर्स्ट लावा आणि नंतर निवडा. अट एकच: घोडा आपणहून धावत असला पाहिजे. संध्याकाळी ओझं उतरवल्यावर तो लोळतो, अंग झाडतो आणि बहुतेकदा एक दौड मारतो. तिथेच थांबा.

टाळावे: दगड मारून, शिट्टी वाजवून, दोरी फिरवून त्याला धावायला लावणं. तो फोटो घोड्याचा राहत नाही, भीतीचा होतो. उतारावर, ओल्या दगडांवर पाय मोडलेल्या घोड्याचं पुढे काय होतं, ते घोडेवाल्याला विचारून बघा.

टाळावे: फ्लॅश, आणि अंधारात हेडलाइटचा झोत थेट डोळ्यांत. रात्री घोडे शोधायचे तर कान द्या. कळपातल्या एखाद्याच्या गळ्यात घंटा असते.

टाळावे: ड्रोन. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे डिजिटल स्काय नकाशावर हिरवा, पिवळा, लाल असे विभाग बघावे लागतात, आणि ही वाट नियंत्रण रेषेपासून फार लांब नाही. परवानगी मिळेल असं धरून चालू नका. मिळाली तरी डोक्यावर घोंघावणाऱ्या यंत्राने पायबंद घातलेले घोडे बिथरले तर काय होईल, याची कल्पना करा.

करावे: मोबाइल असेल तर मोबाइलचंच काम करा. डिजिटल झूमने लांबचा घोडा ओढू नका, ठिगळ दिसतं. घोडा लहान ठेवा, डोंगर मोठा ठेवा. नंदकोल तळ्याकाठी एक ठिपक्याएवढा घोडा आणि वर ५,१४२ मीटरचा हरमुख, हा फोटो मोबाइलवर उत्तम येतो. माझ्याकडचा सगळ्यांना आवडलेला फोटो मोबाइलचाच आहे, आणि हे कबूल करायला मला दोन वर्षं लागली.

टाळावे: पोलरायझर पूर्ण फिरवणं. या उंचीवर आकाश आधीच गडद असतं. वाइड अँगलवर ते एका बाजूने शाईसारखं काळं होतं.

घोड्यांपलीकडे

सकाळी अकरा ते दुपारी तीन घोडे कामावर असतात आणि उजेड कडक असतो. ही वेळ बारीकसारीक गोष्टींची.

करावे: ढग आले की फुलांकडे वळा. काटेरी देठाची निळी पॉपी दगडांच्या फटींत, एकेकटी सापडते. गुडघ्यावर बसायची जागा आधी बघा. एका फुलाच्या फोटोसाठी दहा रोपं चिरडणारे गुडघे मी पाहिलेत, त्यात माझेही होते.

टाळावे: भूर्जाची साल सोलणं. पहिल्या दिवशीच्या चढावर पांढऱ्या खोडांची झाडं लागतात. सालीचे पापुद्रे आपोआप सुटलेले दिसतात आणि हात शिवशिवतो. काश्मीरमधल्या कित्येक जुन्या पोथ्या याच सालीवर लिहिलेल्या आहेत. आपल्याला त्यावर नाव लिहायची गरज नाही.

टाळावे: मारमॉटला, म्हणजे बिळात राहणाऱ्या मोठ्या डोंगरी खारीला, शेंगदाणे देणं. त्याची शिट्टी ऐकली की बिळापासून लांब, पोटावर पडून राहा. दहा मिनिटांत तो पुन्हा बाहेर डोकावतो.

करावे: तळ्यांचे फोटो वारा सुटण्याआधी. सकाळी नऊनंतर पाण्यातला डोंगर मोडतो.

माणसं, कुत्रे, चौक्या

करावे: घोडा कुणाचा, हे पहिल्याच दिवशी विचारा. घोडेवाल्याला तिथे मरकबानही म्हणतात. त्याच्याशी ओळख झाली की तो स्वतःच सांगतो: उद्या पहाटे घोडे कुठे असतील, कोणता लाथाड आहे, कोणत्या घोडीला शिंगरू आहे. माझे चांगले फोटो त्या फजितीनंतरचे, म्हणजे मी त्याच्याबरोबर पहाटे घोडे आणायला जाऊ लागल्यानंतरचे आहेत. घोडे हाकायला मदत करताना कॅमेरा गळ्यात असला की पुरतो.

करावे: बकरवालांच्या डेऱ्याकडे जाताना लांबूनच सलाम करा आणि थांबा. ही मंडळी एप्रिल-मेमध्ये जम्मूकडच्या सखल भागातून राजौरी, पूंछ, रियासीच्या वाटांनी शेळ्या-मेंढ्या घेऊन वर येतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये परततात. सगळं घर घोड्यांवर असतं: भांडी, घोंगड्या, कोंबड्या, कधी वर बसवलेलं लेकरू. १९९१ मध्ये त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. भाषा गोजरी. हिंदी-उर्दू बोललात तरी चालतं. वडीलधाऱ्यांना 'चाचा' म्हणा. बायकांचे फोटो विचारल्याशिवाय नाहीत, आणि घरातल्या पुरुषाला विचारलं म्हणजे तिला विचारलं असं होत नाही.

टाळावे: मुलांना चॉकलेट, नाणी, पेन. पुढच्या तुकडीला मुलं हात पसरून सामोरी येतात, आणि मग 'पूर्वीसारखं राहिलं नाही' असं आपणच म्हणतो.

टाळावे: बकरवाली कुत्र्याला कमी लेखणं. तो मेंढ्यांची अस्वलापासून आणि बिबट्यापासून राखण करतो. तुमचा कॅमेरा कोणत्या कंपनीचा आहे याच्याशी त्याला कर्तव्य नाही. भुंकला तर जागीच थांबा, पळू नका, मालकाला हाक मारा. मी एकदा ट्रेकिंग पोल वर उचलला आणि परिस्थिती बिघडवली.

टाळावे: लष्कराच्या चौकीकडे कॅमेरा रोखणं, घोडा चौकीसमोर चरत असला तरी. विशनसर-किशनसरच्या परिसरात उगम पावणारी किशनगंगा पुढे नियंत्रण रेषेपलीकडे जाते आणि तिथे नीलम होते. चौक्या का आहेत ते नकाशा पाहिल्यावर कळतं. जवानाने फोटो दाखवायला सांगितलं तर दाखवा, पुसायला सांगितलं तर पुसा.

उंचीवर

टाळावे: घोड्यामागे धावणं. निचनाई आणि गडसर या दोन्ही खिंडी ४,००० मीटरच्या वर आहेत. पन्नास मीटर धावलात तर पाच मिनिटं धापा टाकत बसाल, तोवर उजेड गेलेला असेल.

टाळावे: शटर दाबताना श्वास रोखून धरणं. सह्याद्रीत जमतं, इथे मला बर्स्टच्या शेवटी डोळ्यांपुढे काजवे दिसले. श्वास सोडत दाबा.

टाळावे: व्ह्यूफाइंडरमध्ये डोळा ठेवून मागे सरकणं. या यादीतली सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच. चौकटीत मावत नाही म्हणून लोक मागे सरकतात, आणि मागे तळं असतं किंवा काहीच नसतं.

करावे: डोकं दुखत असेल, मळमळत असेल तर फोटो नाही, झोप नाही, आधी टीमच्या म्होरक्याला सांगा. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरहून जास्त वाढू नये, हा नियम वाटाड्याशी आधीच बोलून घ्या.

परतल्यावर

टाळावे: 'वाइल्ड हॉर्सेस ऑफ काश्मीर' अशी ओळ. ते तट्टू आहेत, कामाचे आहेत, मालकाचे आहेत. भीमा खोऱ्यातल्या भीमथडी तट्टाला कुणी रानटी म्हटलं तर आपल्याला चालेल का?

करावे: चारशेतले बारा निवडा. त्यात एक ओझ्याखालचा घोडा असू द्या.

करावे: छापील फोटो पाठवा. मोबाइलवर पाठवलेला फोटो डोंगरात पोचत नाही, आणि पोचला तरी फोन बदलला की जातो. सहा बाय आठचे दोन प्रिंट: एक घोड्याचा एकट्याचा, एक मालकासकट. घोडेवाल्याचं गाव सोनमर्ग-कंगन भागातलं असेल तर टपालाने जातात, किंवा पुढच्या वर्षी जाणाऱ्या कुणाच्या हाती द्या. बकरवालांना पाठवायचे असतील तर पत्ता हिवाळ्यातल्या गावाचा मागून घ्या. उन्हाळ्यात त्यांच्या घराला पत्ता नसतो.